'गेट'चे अर्थ पाठ करू नका, पुढचा शब्द बघा

मी नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं: वर 'गेट' आणि खाली अर्थांची रांग. मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे. पाठांतर चोख असतं. पण बोलायची वेळ आली की तोंडून 'गेट' काही निघत नाही. त्याच्या जागी 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'रीच' अशी भारदस्त मंडळी येतात. वाक्य व्याकरणात बसतं, पण मैत्रिणीशी गप्पा मारताना कचेरीतलं पत्र वाचून दाखवावं तसं ऐकू येतं.

दोष पाठ करणाऱ्यांचा नाही, त्या रांगेचा आहे. 'गेट'ला स्वतःचा अर्थ फार थोडा. जवळ नव्हतं ते आलं, किंवा आधी नव्हतं ते आता झालं, इतकंच ते सांगतं. नेमकं काय आलं, काय झालं, हे पाठोपाठ येणारा शब्द ठरवतो. म्हणून माझं सांगणं एकच: 'गेट' दिसलं की त्याच्यापाशी अडू नका, त्याच्या पुढे काय आहे ते बघा. वस्तू आहे, विशेषण आहे, ठिकाण आहे, की दुसरं क्रियापद? तेवढं ओळखलं की अर्थ लागतो, आणि बोलताना कुठे वापरायचं तेही सुचायला लागतं.

आधी उच्चार उरकून घेऊ. देवनागरीत फाटकही 'गेट' आणि हे क्रियापदही 'गेट', कारण आपल्या लिपीत आखूड 'ए'ला वेगळी खूण नाही. फाटकातला स्वर लांबतो आणि शेवटी किंचित 'इ'कडे झुकतो. क्रियापदातला 'ए' आखूड, झटकन तोडलेला. भूतकाळ 'गॉट'. तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत 'गॉट', अमेरिकी इंग्रजीत बहुतेक वेळा 'गॉटन'. 'गॉटन' हे अमेरिकेतलं नवं खूळ आहे असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. ते जुनंच रूप आहे. ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. वाममार्गाने मिळवलेल्या पैशाला ब्रिटिश माणूसही 'इल-गॉटन' म्हणतो, त्यात ते शिल्लक आहे. दोन्ही रूपं बरोबर, फक्त एका लिखाणात दोन्हींची सरमिसळ करू नका. ऐकताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: अमेरिकी बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ पडतो. 'गेट अप' हे 'गेडप' होतं, 'गेट इट' हे 'गेडिट', आणि 'गॉट टू' चक्क 'गाडा'. 'सिनेमातलं इंग्रजी कळत नाही' ही तक्रार पुष्कळशी इथेच मिटते.

पुढे वस्तू असेल तर

हा सगळ्यात सोपा भाग. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र आलं. 'शी गॉट अ जॉब', तिला नोकरी लागली. मराठीत आपण 'मिळणे' आणि 'मिळवणे' वेगळे ठेवतो. आपसूक आलं की खटपट करून आणलं, ते क्रियापदातच कळतं. 'गेट' दोन्हीकडे चालतं आणि खटपटीचा अंदाज संदर्भावरून घ्यावा लागतो. शिवाय मराठीत 'मला' असतं तिथे इंग्रजीत 'आय' येतं. मिळणाऱ्या वस्तूपासून वाक्य सुरू करायची आपली सवय इथे आवरावी लागते.

मध्ये माणूस आणि मग वस्तू आली, तर अर्थ आणून देण्याचा होतो: 'कॅन यू गेट मी अ चेअर?' आजारपणही वस्तूसारखंच चालतं: 'आय गॉट अ कोल्ड', सर्दी झाली. वाहन असेल तर पकडणं: 'वी गॉट द लास्ट ट्रेन.' आणि फोन वाजला किंवा दारावर कुणी आलं, की 'आयल गेट इट' म्हणतात. आपण अशा वेळी 'मी बघते' म्हणतो, अगदी तसंच. हे छोटं वाक्य आजपासून वापरायला सुरुवात करा, फार कामाचं आहे.

गोष्ट डोक्यात शिरली तरी 'गेट'च. 'आय डोन्ट गेट द जोक', मला विनोद कळला नाही. 'गॉट इट' म्हणजे कळलं, आत्ता लक्षात आलं. 'आय गेट इट' म्हणजे तुझं म्हणणं मला पटण्यासारखं आहे, समजू शकते; यात थोडी सहानुभूती असते. इथे आपल्याकडची एक लकब सुधारण्यासारखी आहे. 'मला कळत नाहीये' मधला 'नाहीये' आपल्याला सरळ 'आय ॲम नॉट गेटिंग यू' कडे नेतो. कळण्याच्या अर्थाने 'गेटिंग' सहसा येत नाही. 'आय डोन्ट गेट यू' किंवा, समोरचा माणूस अनोळखी असेल तर, 'आय डोन्ट क्वाइट फॉलो' म्हणा. तसंच 'आर यू गेटिंग माय पॉइंट?' ऐवजी 'डू यू सी व्हॉट आय मीन?' जास्त मवाळ वाटतं.

जाता जाता या शब्दाचं कूळ. तो मूळ इंग्रजी नव्हे. स्कँडिनेव्हियातून ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला आणि साधारण १२०० च्या सुमारास रुळला. तिथेही अर्थ हाती लागण्याचा, मिळवण्याचाच होता. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद फक्त जोडशब्दांत उरला होता; त्यातलाच एक 'फरगेट'. जे धरलेलं होतं ते निसटलं, म्हणजे विसरलं. मला ही गोष्ट फार आवडते, आणि वर्गात सांगितली की 'गेट' म्हणजे हाती लागणं हे पक्कं बसतं.

पुढे विशेषण असेल तर

'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय. 'ही गॉट अँग्री', तो चिडला. 'डोन्ट गेट वेट', भिजू नकोस. 'आय गॉट टायर्ड', मी दमले. मराठीत पडणे, चिडणे, भिजणे, दमणे अशी प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र क्रियापदं आहेत, म्हणून आपण इंग्रजीतही तसं एकेक क्रियापद शोधत बसतो. शोधू नका. विशेषण माहीत असलं की त्याच्या आधी 'गेट' लावा, काम झालं.

फक्त 'बी' आणि 'गेट' यांतला फरक सांभाळा. 'आय वॉज टायर्ड' म्हणजे मी दमलेली होते. 'आय गॉट टायर्ड' म्हणजे दमले, तसा बदल घडला. 'दे आर मॅरीड' ही स्थिती. 'दे गॉट मॅरीड लास्ट इयर' ही घटना. आणि लग्न कुणाशी झालं ते सांगताना 'टू' येतं, 'विथ' नाही: 'शी गॉट मॅरीड टू अ पायलट.' मराठीतल्या 'कुणाशी'मधल्या 'शी'चं भाषांतर 'विथ' असं करण्याचा मोह होतो, तो टाळा.

पेशा सांगायचा असेल तर मात्र 'गेट' चालत नाही. 'तिला डॉक्टर व्हायचंय' हे 'शी वॉन्ट्स टू गेट अ डॉक्टर' केलंत, तर तिला डॉक्टर बोलवायचाय असा अर्थ होतो, कारण पुढे विशेषण नाही, नाम आहे. तिथे 'बिकम'च हवं.

पुढे ठिकाण असेल तर

पोहोचणे. 'व्हेन डिड यू गेट टू द ऑफिस?' मध्ये 'टू' लागतं. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी लागत नाही: 'आय गॉट होम लेट.'

वाहनांचं थोडं बारकाईने बघू, कारण मराठीत चढणे-उतरणे या एकाच जोडीवर आपलं भागतं. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, जहाज, त्यात 'गेट ऑन' आणि त्यातून 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि सरळ बसावंच लागतं, म्हणजे मोटार किंवा टॅक्सी, त्यात 'गेट इन' आणि त्यातून 'गेट आउट ऑफ'. सायकल किंवा घोडा, जिथे टांग टाकून वर बसतो, तिथे पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'. 'आय गॉट डाउन फ्रॉम द बस' हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं आणि कळतंही, पण इतरत्र 'गॉट ऑफ द बस' म्हणतात.

केस मी कापले की कापून घेतले?

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी माणसाचं इंग्रजी जिथे नकळत खोटं बोलतं ती ही जागा. आपण सहज म्हणतो, 'मी काल केस कापले.' कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सांगायची गरज नसते. 'मी घर बांधलं', 'मी दात काढला', 'मी चष्मा दुरुस्त केला', सगळं असंच. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. तिथे म्हणायचं: 'आय गॉट माय हेअर कट.' आधी 'गॉट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम मोडायचा नाही. 'आय गॉट रिपेअर्ड माय ग्लासेस' हे वाक्य मी वह्यांत सतत दुरुस्त करते. वस्तू मध्ये हवी, 'आय गॉट माय ग्लासेस रिपेअर्ड.' 'गॉट'च्या जागी 'हॅड' घातलंत तरी चालतं, थोडं औपचारिक होतं इतकंच.

हाच साचा आणखी दोन ठिकाणी येतो. एक, नको ते घडलं तेव्हा: 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर', दारात बोट सापडलं. कुणी मुद्दाम करवून घेतलेलं नाही, हे उघड आहे. दुसरं, काम कसंबसं तडीस नेलं तेव्हा: 'आय मस्ट गेट धिस डन टुडे', हे आज उरकायलाच हवं. इथे काम स्वतःच केलेलं असतं. तिन्ही अर्थ एका साच्यात, आणि गंमत म्हणजे बोलताना घोटाळा कधी होत नाही.

वस्तू नसेल आणि 'गेट'नंतर थेट तिसरं रूप आलं, तर कर्मणी प्रयोग: 'ही गॉट कॉट', तो पकडला गेला. 'शी गॉट प्रमोटेड', तिला बढती मिळाली. आपल्यावर काहीतरी येऊन आदळलं, बरं किंवा वाईट, असा यात सूर असतो. 'वॉज कॉट' बातमीत शोभतं, 'गॉट कॉट' गप्पांत.

माणसाकडून काम: 'गेट', 'मेक', 'हॅव'

माझ्या वर्गात एक परिचारिका येते. तिला परदेशातल्या रुग्णालयात काम करायचं आहे. सराव म्हणून ती रात्रपाळीची हकीकत सांगत होती: औषध घ्यायला तयार नसलेल्या आजोबांना तिने गोडीगुलाबीने गोळी घ्यायला लावली. ती म्हणाली, 'आय मेड हिम टेक द टॅब्लेट.' व्याकरण निर्दोष. पण 'मेड' म्हटल्यावर जबरदस्ती आली, आणि रुग्णालयात ते वाक्य ऐकणारा माणूस दचकेल. तिला म्हणायचं होतं: 'आय गॉट हिम टू टेक द टॅब्लेट.' समजावलं, राजी केलं, आणि त्यांनी घेतली.

मराठीत 'करायला लावणे' दोन्हीला चालतं, म्हणून हा फरक हातातून सुटतो. 'मेक'मध्ये समोरच्याला पर्याय नसतो. 'गेट'मध्ये मन वळवणं असतं, थोडे कष्ट असतात, कधी युक्तीही. 'हॅव'मध्ये दोन्ही नसतं. ज्याचं ते कामच आहे त्याला सांगितलं: 'आयल हॅव माय असिस्टंट कॉल यू.' रचनेत एवढंच लक्षात ठेवा की 'टू' फक्त 'गेट'बरोबर येतं. 'मेड हिम टेक', 'हॅड हिम टेक', पण 'गॉट हिम टू टेक'.

निर्जीव वस्तूही हटवादी असतात, त्यांनाही हीच रचना लागते: 'आय कान्ट गेट धिस विंडो टू ओपन', ही खिडकी काही उघडत नाहीये.

बघायला मिळालं

'गेट'नंतर थेट 'टू' आणि क्रियापद आलं, तर मराठीत त्याला तंतोतंत जोड आहे: 'करायला मिळणे'. 'वी गॉट टू सी द सनराइज', सूर्योदय बघायला मिळाला. 'आय डिडन्ट गेट टू टॉक टू हर', तिच्याशी बोलायलाच मिळालं नाही. संधी, परवानगी, थोडं भाग्य, सगळं त्यात येतं. इतकी सरळ जोडी असूनही आपण 'आय गॉट अ चान्स टू' असा वळसा घेतो. घ्यायची गरज नाही. 'गेट टू नो' मात्र थोडं वेगळं: हळूहळू ओळख होणं.

'आय हॅव गॉट' याच्या जाळ्यात अडकू नका. रूप पूर्ण वर्तमानाचं, अर्थ साधा 'माझ्याकडे आहे': 'आयव्ह गॉट टू ब्रदर्स', मला दोन भाऊ आहेत. भूतकाळात 'आय हॅड' म्हणा. 'हॅव यू गॉट अ पेन?' याला उत्तर 'येस, आय हॅव', पुढे 'गॉट' लावायचं नाही. अमेरिकी माणूस 'डू यू हॅव अ पेन?' विचारेल, त्याला 'येस, आय डू'. आणि 'आयव्ह गॉट टू गो' म्हणजे मला निघायलाच हवं.

सवय झाली हे सांगायला 'गेट यूज्ड टू', आणि त्यापुढे 'इंग'चं रूप: 'आय गॉट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली.' 'गॉट' गळलं की अर्थच बदलतो. 'आय यूज्ड टू वेक अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायची, आता नाही.

छोटे शब्द

'अप', 'ओव्हर', 'बाय', 'थ्रू' हे लागून जे शब्दप्रयोग होतात त्यांची यादी लांबलचक आहे आणि ती एकदम पाठ करण्यात अर्थ नाही. ज्यांना मराठीत नेमकी जोड आहे ते आधी उचला. 'वेक अप' म्हणजे जाग येणं, 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं. दोन्हींच्या मध्ये अर्धा तासही जाऊ शकतो. 'गेट बाय' म्हणजे भागणं, निभावणं: 'आय कॅन गेट बाय इन फ्रेंच', फ्रेंचमध्ये माझं भागतं. 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, जमणं. 'गेट थ्रू' म्हणजे फोन लागणं, किंवा कठीण काळातून पार पडणं. 'गेट अराउंड टू' म्हणजे सवड होणं: 'आय नेव्हर गॉट अराउंड टू रिप्लाइंग', उत्तर द्यायचं राहूनच गेलं. 'गेट अवे विथ' म्हणजे करूनसवरून नामानिराळं राहणं. इतकी चपखल जोडी असली की शब्दप्रयोग विसरत नाही.

'गेट ओव्हर' जपून वापरा. आजारातून, धक्क्यातून सावरणं हा त्याचा अर्थ. स्वतःबद्दल बोलताना तो सुंदर आहे: 'इट टुक मी मंथ्स टू गेट ओव्हर इट.' पण दुःखात असलेल्या माणसाला 'गेट ओव्हर इट' म्हटलं, की 'पुरे झालं आता रडगाणं' असं ऐकू येतं. धीर द्यायचा असेल तर हे शब्द नकोत.

लिहिताना 'गेट' किती वापरावं? मित्राला निरोप पाठवताना हवं तितकं. अर्ज, अहवाल, कार्यालयीन पत्र यांत 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' शोभतात. तरी 'गेट मॅरीड' किंवा 'गेट रिड ऑफ' यांना औपचारिक पर्याय शोधून वाक्य ताठ करू नका.

सरावासाठी मी हा परिच्छेद देते. मोठ्याने वाचा: 'आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड इन अ हरी अँड स्टिल डिडन्ट गेट द बस. आय गॉट टू द ऑफिस सोकिंग वेट. माय बॉस गॉट अँग्री, बट आय गॉट हिम टू लिसन. बाय इव्हनिंग आय हॅड गॉट द रिपोर्ट डन, अँड आय इव्हन गॉट टू लीव्ह अर्ली.'

आता प्रत्येक 'गॉट'नंतर बोट ठेवा. 'अप', उठले. 'ड्रेस्ड', तयार झाले. 'द बस', पकडता आली नाही. 'टू द ऑफिस', पोहोचले. 'अँग्री', साहेब चिडले. 'हिम टू लिसन', ऐकायला राजी केलं. 'द रिपोर्ट डन', अहवाल उरकला. शेवटचं 'गॉट टू लीव्ह' आणि आधीचं 'गॉट टू द ऑफिस' शेजारी ठेवून बघा: एकात 'टू'नंतर ठिकाण, दुसऱ्यात क्रियापद, म्हणून एक 'पोहोचले' आणि दुसरं 'निघायला मिळालं'. त्याच शेवटच्या वाक्यात 'आय हॅव गॉट टू लीव्ह' केलंत, तर 'निघायलाच हवं' होईल. मग स्वतःच्या कालच्या दिवसाचा असाच परिच्छेद लिहा, निदान सहा ठिकाणी 'गॉट' येऊ द्या, आणि पुढचा शब्द दर वेळी वेगळ्या जातीचा ठेवा.